चढत्या आलेखाची नऊ वाक्यं

कुठलाही आलेख समोर ठेवा, चार मिनिटांत मी त्याचं इंग्रजीत वर्णन लिहून देते. ही फुशारकी नाही, माझं पोटापाण्याचं काम आहे. धाराशिवच्या एका क्लासमध्ये मी दहावीला इंग्रजी शिकवते. पेपरात एखादा स्तंभालेख नाहीतर गोल पाय चार्ट छापलेला असतो आणि त्यावर परिच्छेद लिहायचा असतो. आमच्याकडच्या मराठी माध्यमाच्या पोरांना हा प्रश्न दिसला की घाम फुटतो. बाकीच्या प्रश्नांत निदान उतारा असतो, त्यातली वाक्यं उचलून काहीतरी जुळवता येतं. इथं नुसत्या काड्या उभ्या असतात. त्यातून उचलणार काय?

म्हणून मी नऊ वाक्यं तयार केली होती. पहिलं 'द गिव्हन ग्राफ शोज' आणि पुढं आलेखाचं नाव. मधे सगळ्यात उंच काडी आणि सगळ्यात बुटकी काडी यांच्यासाठी दोन रिकाम्या जागा. सातव्या वाक्यात 'इट इन्क्रीज्ड स्टेडिली'. आणि शेवटी, या आलेखातून आपल्याला प्रगती दिसून येते, असं एक भारदस्त वाक्य. आता सगळं वाढलंच असं का, तर गाइडमधले बहुतेक आलेख चढतेच असतात. शाळेचा पट, गावातली झाडं, वाचनालयातली पुस्तकं. गाइडच्या जगात सगळं वाढतच असतं. पोरं या नऊ वाक्यांना 'मॅडमचा साचा' म्हणायची. दहा वेळा लिहून आणायचं, न आणणाऱ्यानं उभं राहायचं. माझा आवाज मोठा आणि राग त्याहून मोठा, पण मार्क पडायचे, आणि निकालाच्या दिवशी पालक पेढे घेऊन यायचे.

या नऊ वाक्यांपुढं अडून बसलेली एकच विद्यार्थिनी मला भेटली, आणि ती माझी थोरली जाऊ निघाली.

आम्ही तेरला राहतो. एक घर, एक चूल. थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणते. अक्का गावातल्या एका अंगणवाडीत मदतनीस आहे. सकाळी घरोघरी जाऊन लेकरं गोळा करायची, झाडलोट, खिचडी शिजवायची, वजनाच्या दिवशी लेकरू काट्यावर धरायचं. बारा वर्षं हेच काम. तिथल्या सेविकाबाई तीन वर्षांनी निवृत्त व्हायच्या होत्या आणि त्यांची जागा मदतनिसाला मिळू शकते, पण त्यासाठी बारावी लागते. अक्का नववीतून लग्न होऊन आलेली. तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली. मराठी सुटलं, इतिहास-भूगोल सुटला, गणितसुद्धा सुटलं. इंग्रजी तेवढं राहिलं. मार्चला गेलं, जुलैला परत गेलं. येत्या मार्चला सुटलं तर दोन वर्षांनी बारावी, आणि मग वेळेत ती खुर्ची. नाही सुटलं, तर तिथं बाहेरची कुणी पोरगी येणार आणि अक्का तिच्या हाताखाली पुढची सगळी वर्षं खिचडी ढवळत राहणार. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही भाकरी थापताना, माझ्याकडं न बघता.

मी म्हटलं, अक्का, काळजी सोडा, मी आहे ना.

वर्गात मी एखाद्या साहेबाच्या पोरालाही बेधडक गाढवा म्हणते. अक्काला 'अक्का, तुमचं इथं जरासं चुकलं' असं म्हणावं लागायचं. थोरली जाऊ ती, माझ्या लग्नात मला हाताला धरून उंबऱ्याच्या आत घेणारी. 'जरासं' म्हणताना माझा जीव अर्धा व्हायचा.

रविवारी दुपारी शिकवणी असायची. अक्का सूप घेऊन तूर निवडत बसायची आणि मी गाइड उघडून. पहिलाच आलेख दुधाचा होता. एका डेअरीत आठवड्याभरात रोज किती लिटर दूध आलं त्याचा. अक्कानं हात पुसले, गाइड जवळ ओढलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ही डेअरी कुठली गं?"

"कुठली म्हणजे? गाइडमधली."

"न्हाय, पण बुधवारी येवढं दूध का घटलं?"

"अक्का, ते विचारत नाहीत. किती घटलं तेवढंच लिहायचं."

"का घटलं ते सांगायचं न्हाय, तर मग सांगायचं कशापायी?"

मी पान उलटलं.

तिला पाठ होत नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. अंगणवाडीतल्या प्रत्येक लेकराचं मागच्या महिन्याचं वजन तिला ग्रॅमसकट तोंडपाठ. माझी वाक्यंही सहाव्यापर्यंत धडाधड यायची. सातव्याला ती आलेखाकडं बघायची आणि थांबायची. "अगं, ही काडी खाली आलीया की. वाढलं कसं म्हनू?" मी म्हणायची, तेवढा एक शब्द बदला. तो बदलला की आठवं वाक्य बिघडायचं, नवव्यातली प्रगती तर पारच लटकायची. मग आम्ही दोघी एकमेकींकडं बघत बसायचो. ती परत सूप पुढं ओढायची. मी परत पहिल्या वाक्यापासून सुरू करायची.

जानेवारीत क्लासची सराव परीक्षा झाली. मी एक पेपर जास्तीचा घरी आणला आणि अक्कानं घड्याळ लावून तो सोडवला. त्यात आलेख होता गावच्या तलावातल्या पाण्याचा, नोव्हेंबर ते एप्रिल. तो मीच एका जुन्या प्रश्नसंचातून घेतला होता. चाळीस पोरांचे पेपर आणि एक अक्काचा, असा गठ्ठा मांडीवर घेऊन मी धाराशिव-तेर एसटीत बसल्या बसल्या तपासला. त्या प्रश्नाला अक्कानं तीनच वाक्यं लिहिली होती. वॉटर इज लेस. एव्हरी मंथ लेस. एप्रिल व्हेरी लेस, पीपल नीड टँकर. मी पाचपैकी एक मार्क दिला. वर्गातल्या पोरांना सरसकट चार.

घरी येऊन पेपर तिच्या हातात दिला. तिनं तो बघितला आणि म्हणाली, "पहिला नंबर आलेल्या पोरीचा दाखव की." मी दाखवला. एकेका शब्दाखाली बोट ठेवत तिनं तो वाचला. बराच वेळ लागला. मग म्हणाली, "हिनं तर पाणी वाढलं म्हून लिवलंय."

तिचं बोट समासातल्या लाल आकड्यावर गेलं.

"तिला चार?"

आता खरं म्हणजे मी तिथंच आलेख काढून बघायला हवा होता. पण मला राग आला. दिवसभर उभं राहून शिकवलेलं, एसटीत धक्के खाल्लेले, आणि जिला पास करायचं म्हणून जीव तोडतेय तीच माझ्या तपासण्यात खोट काढतेय. मी म्हणाले, "अक्का, तिचं इंग्रजी बघा! एक चूक आहे का? तुम्ही काय लिहिलंय ते बघा. लेस, लेस, लेस! हे काही लेकरांची वजनं करण्याइतकं सोपं नाही!"

तोंडातून गेलं ते गेलं. माझी नऊ वर्षांची लेक दारात उभी होती, तिनंही ऐकलं. अक्कानं पेपर तिच्या वहीत ठेवून वही मिटली, पेन वहीत नीट अडकवलं आणि डाळीला फोडणी द्यायला आत गेली.

पुढचे आठ दिवस शिकवणी झाली नाही. अक्का माझ्याशी बोलत होती, अबोला धरला असं नाही. एसटी किती वाजता मिळाली, डबा परत आणलास का, पोरीची फी भरली का. माझी भाकरी कापडात गुंडाळून गरम ठेवत होती. ती भांडली असती तर मीही भांडले असते, भांडणात मी पटाईत आहे. त्या गरम भाकरीपुढं मात्र माझं काही चालेना. इंग्रजीचं नाव ती काढत नव्हती आणि मार्च जवळ येत होता.

त्याच आठवड्यात मी एसटीत तो गठ्ठा परत उघडला. या वेळी प्रश्नपत्रिका शेजारी धरली. सहा काड्या, एकापेक्षा एक बुटकी. आणि खाली सदतीस पोरांनी लिहिलेलं, पाणी सातत्यानं वाढत गेलं, यातून आपल्याला प्रगती दिसून येते. ही आमचीच पोरं, मे महिन्यात घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहणारी. त्यांनी आटणाऱ्या तलावाखाली प्रगती लिहिली आणि मी लाल पेनानं तिच्यावर बरोबरची खूण केली, सदतीस वेळा. पोरांचं तरी काय चुकलं? मी सांगितलं तेच त्यांनी केलं होतं. सगळ्या नोकरीत मी वाक्यं तपासत आले होते. आलेखाकडं मी बघितलेलंच नव्हतं. बाहेर कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर आडवा आला म्हणून एसटी थांबली होती, आणि मला घाम फुटला होता.

क्लासला सुट्टी होती त्या दिवशी मी अंगणवाडीत गेले. माफी मागायची असं ठरवून गेले होते, पण तो वजनाचा दिवस निघाला. छताच्या हुकाला काटा टांगलेला, त्याला कापडी झोळी. अक्का एकेका लेकराचे कपडे काढून त्याला झोळीत बसवत होती आणि सेविकाबाई खुर्चीवर बसून आकडे लिहून घेत होत्या. मी दारातूनच म्हटलं, "अक्का, मला तुमच्याशी..."

"थांब. ह्याला धर आधी," असं म्हणून तिनं एक उघडं, रडकं लेकरू माझ्या हातात दिलं. मी नेसून आले होते ती साडी चांगली होती. होती, म्हणजे त्या सकाळपर्यंत.

त्या लेकराचं वजन मागच्या महिन्याएवढंच भरलं. सेविकाबाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शंभरेक ग्रॅम वाढवून टाकू का? नाहीतर वरून फोन येतो, का वाढलं नाही म्हणून." अक्कानं लेकराला झोळीतून उचललं, त्याचं नाक पुसलं आणि म्हणाली, "बाई, हाय तेवढंच लिवा. फोन येऊ द्या. म्या सांगते त्येंना, ह्याची आय ऊसतोडीला गेलीया आन् हे आज्याजवळ हाय." सेविकाबाईंनी निमूट आहे तेवढंच लिहिलं.

लेकरं खिचडी खाऊन गेल्यावर मी म्हटलं, "अक्का, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं. मी तो आलेख बघितलाच नव्हता."

कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडून तिनं जुन्या कार्डांची चळत काढली. वाढीची कार्डं ती, प्रत्येक लेकराचं एक. हिरवा, पिवळा, केशरी असे पट्टे आणि त्यांतून महिन्या-महिन्याला ठिपके जोडत गेलेली रेघ. तिनं एक कार्ड नावाच्या बाजूनं दुमडून माझ्यासमोर धरलं. "हे वाच. इंग्रजीत."

मला बरं वाटलं. निदान परत शिकवायला तर मिळालं. मी आवाज लावून सुरू केलं. पहिले दहा महिने वजन सातत्यानं वाढलं, इन्क्रीज्ड स्टेडिली. मग तीन महिने, इट रिमेन्ड कॉन्स्टंट. त्यानंतर पुन्हा चढ. एकही चूक नाही.

"कॉन्स्टंट म्हंजे?"

"म्हणजे तसंच राहिलं. हललं नाही."

"व्हय. न्हाय हललं. तीन महिने." आणि तिनं कार्ड उलगडलं.

नाव माझ्या लेकीचं होतं.

त्या वर्षी मी बी.एड. करत होते. अकरा महिन्यांची पोर घरी ठेवून रोज पहाटेच्या एसटीनं धाराशिवला जायची आणि दिवे लागले की परत. अंगावरचं दूध मीच तोडलं होतं. अक्कानं सांगितलं, आधी पोर वरचं काही घेईना, नुसती दाराकडं बघत बसायची. मग तिनं अंड्याचा पिवळा बलक मऊ भातात कालवून, शेंगदाण्याचा कूट गुळात मळून, एकेक घास करून दिवसातून सहा वेळा तिला भरवलं. चौथ्या महिन्यात काटा हलला. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला वाटायचं, पोर अंगानं बारीकच आहे, माझ्यावर गेलीय.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू परीक्षा सोडली असतीस."

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. माझ्याच लेकीच्या उपाशी तीन महिन्यांचं मी आत्ताच खणखणीत इंग्रजीत वर्णन केलं होतं, आणि उच्चारही नीट केले होते. मी तिथंच सतरंजीवर बसून रडले. अक्कानं पेटी बंद केली आणि म्हणाली, "चल, उठ. सांच्याला बसू अब्यासाला. लई दिस वाया गेले."

मग आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी अक्का आलेखाकडं बघून मराठीत सांगायची, तिच्या पद्धतीनं. "हितवर चढलंय. हितं थांबलंय. हितनं धाडकन खाली." त्यातल्या शब्दापुरतं इंग्रजी मी द्यायची. चढला, उतरला, तसाच राहिला, सगळ्यात जास्त, सगळ्यात कमी, इथून तिथपर्यंत. डझनभर शब्द. वाक्यं तिची. शेवटी कारण सांगायचं एक वाक्य मी तिला 'मे बी' लावून मोकळं करून दिलं, कारण ते नाही दिलं तर ती पुढं सरकायचीच नाही.

क्लासमध्येही मी साचा बंद करायचा म्हटलं. क्लासचे सर म्हणाले, "मॅडम, मार्क पडत होते ना?" पडत होते, हे खोटं कसं म्हणणार? तोडगा निघाला की ज्याला हवा त्यानं साचा लिहावा, पण आधी आलेख बघून चढता की उतरता हे समासात लिहायचं. तेवढं झालं. त्याहून मोठी क्रांती माझ्यानं झाली नाही.

परीक्षेला दहा दिवस राहिले आणि मी घाबरले. अक्काची वाक्यं खरी होती, पण मोडकी होती. पेपर तपासणारी माणसं कशी असतात हे माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक? मी तिला सरळच सांगितलं, "अक्का, ते माझ्यासारखेच असतात. गठ्ठा मोठा असतो, आलेख कुणी बघत नाही. नऊ वाक्यं लिहिली तर चार मार्क कुठं जात नाहीत. आधी पास व्हा. खरं नंतर लिहा." हे सांगताना माझीच मला चीड आली, पण मी सांगितलं.

ती हो म्हणाली. चार दिवसांत नऊच्या नऊ वाक्यं पाठ करून, चुलीपुढं बसून तिनं मला म्हणून दाखवली, स्वल्पविरामसुद्धा न चुकता. मी निश्चिंत झाले.

केंद्र येडशीला आलं होतं. शाळेच्या फाटकाबाहेर मी तीन तास उभी होते, पोरांच्या आयांबरोबर. दहावीच्या पोरींच्या घोळक्यातून अक्का बाहेर आली, पदर खोचलेला, बोटांना शाई. मी पहिला प्रश्न विचारला तो आलेखाचा. वाचनालयात येणाऱ्या वाचकांचा होता, म्हणाली. दोन महिने चढता, मग चार महिने उतरता.

"नऊ वाक्यं लिहिलीत ना?"

"चारच लिवली. माझी."

एसटीत मी मनातल्या मनात तिचा एकेक प्रश्न जुळवत होते, इथं दोन, तिथं तीन, आणि बेरीज पस्तीसच्या अलीकडंच अडत होती. ती खिडकीतून शेतं बघत होती.

निकाल लागला तो दिवस मी क्लासमध्ये होते. मोबाईलवर तिचा परीक्षेचा नंबर टाकला. इंग्रजी, छत्तीस. पास. मी वर्गातल्या पोरांसमोर ढसाढसा रडले, आणि मला रडताना कधीच न बघितलेली ती पोरं घाबरून उभी राहिली.

संध्याकाळी घरी गेले तर अक्का अंगणात अंगणवाडीतल्या लेकरांच्या सतरंज्या झटकत होती. मी पेढा तिच्या तोंडात घातला आणि मग माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "एका मार्कावर वाचलात अक्का. नऊ वाक्यं लिहिली असती तर एकोणचाळीस पडले असते. पाठ होती तुम्हाला! एवढा जीव टांगणीला लावून खुर्ची घालवली असती तर?"

तिनं सतरंजीची घडी घातली. म्हणाली, "अगं, त्या खुर्चीत बसल्यावर लेकरांच्या कार्डावर रेघ मीच वढणार हाय न्हव? पेपरात रेघ खाली असताना वर गेली म्हून लिवलं असतं, तर तितं माझा हात कशानं थांबला असता?"